कागदाच्या गिरणीचा जमाखर्च

गेल्या वर्षीच्या भाऊबिजेची गोष्ट. ओवाळणी आटोपली, फराळाची ताटे पुढे आली, आणि आमच्या मेहुण्यांनी चकली मोडता मोडता माझ्याजवळचा दिवाळी अंक उचलला. मेहुणे कागदाचे व्यापारी. अंक हाती आला की ते लेखकांची नावे पाहत नाहीत. पान चिमटीत धरून कागदाची जाडी अजमावतात. त्या अंकात जंगलतोडीवर एक लेख होता. त्याच्या मथळ्यावर बोट ठेवून ते म्हणाले,

"भाऊजी, तुम्हां लिहिणाऱ्या मंडळींचे मला मोठे नवल वाटते. झाडे तोडू नका, हे सांगायलासुद्धा तुम्हांला झाडाचाच कागद लागतो. कागद हवा पण गिरणी नको, हे म्हणजे दूध हवे पण गोठा नको, असे झाले!"

घरातली सारी मंडळी हसली. मीही हसलो, कारण टोला बरोबर बसला होता. मग मेहुण्यांनी पिशवीतून एक पुस्तिका काढून माझ्या हाती दिली. एका नियोजित गिरणीची ती माहिती होती. लाकडाचा लगदा करायचा आणि तो कागदाच्या कारखान्यांना विकायचा, असा बेत. मुखपृष्ठावर दवबिंदू पडलेले हिरवे पान. आत तीन वाक्ये ठळक टायपात छापलेली: कच्चा माल कधीही न संपणारा, तंत्र जगात सर्वांत स्वच्छ, आणि या सर्वांवर तज्ज्ञांचे शिक्कामोर्तब झालेले. मेहुण्यांचा त्या गिरणीत चार पैसे गुंतवायचा विचार होता. "वाचून ठेवा," ते म्हणाले, "पुढच्या भाऊबिजेला भांडू."

ते भांडण मी आज वाचकांच्या देखतच उरकून घेतो.

प्रथम एक गोष्ट कबूल करून टाकतो. मी कागदाचा वैरी नाही. ज्याचे निम्मे आयुष्य कागद काळे करण्यात गेले, त्याने कागदाला नावे ठेवणे म्हणजे खाल्ल्या घराचे वासे मोजणे होय. 'आता सारे पडद्यावर वाचता येते, कागद हवाच कशाला?' असे म्हणून सुटका करून घेणाऱ्यांतलाही मी नाही. तो पडदा घरी येतो तोच मुळी पुठ्ठ्याच्या खोक्यात बसून. तेव्हा लगदा लागणार, आणि लगदा लागणार म्हणजे गिरणीही लागणार. मेहुण्यांचा टोला एवढ्यापुरता मी मुकाट्याने सोसतो.

पण त्यांनी प्रश्नच चुकीचा विचारला आहे. गिरणी हवी की नको, हा वादाचा विषय नव्हे. मेहुणे दर लक्ष्मीपूजनाला नवी वही पूजतात. कुंकवाने स्वस्तिक काढतात, 'शुभ' आणि 'लाभ' लिहितात, आणि मग त्याच वहीत वर्षभर दोन बाजू मांडतात: जमा आणि खर्च. एखाद्या गुमास्त्याने वर्षभर नुसती जमेचीच बाजू लिहिली, तर मेहुणे त्याला दुकानात उभा करतील काय? आणि 'हिशेब मीच लिहिला, मीच तपासला, दुसऱ्या कोणी वहीला हात लावायचे कारण नाही,' असे तो म्हणू लागला तर? मग लगद्याच्या गिरणीची वही समोर आली की आपण हा साधा व्यवहार का विसरतो, एवढेच मला विचारायचे आहे.

पुस्तिकेतले पहिले वाक्य घेऊ. कच्चा माल कधीही न संपणारा.

हे वाक्य नवे नाही. दांडेली आज कर्नाटकात आहे. पण तेथे गिरणी काढणाऱ्या वेस्ट कोस्ट पेपर मिल्सची १९५५ साली स्थापना झाली, तेव्हा कारवार जिल्हा मुंबई राज्यात होता. म्हणजे ही गोष्ट आपल्याच जुन्या घरातली. काळी नदीच्या खोऱ्यातले दाट जंगल, आणि त्यात बांबूची बेटे. वनखात्याचा अंदाज असा, की गिरणीने वर्षानुवर्षे तोडला तरी हा बांबू सरायचा नाही. त्या अंदाजाच्या भरवशावर गिरणीला बांबू मिळाला तो टनाला दीड रुपया दराने. बाजारात त्याच बांबूचा भाव टनाला हजारांच्या घरात होता. सुपे, टोपल्या आणि डालगी विणून पोट भरणाऱ्या बुरुडाला बाजारभाव, आणि गिरणीला दीड रुपया! असला दर मिळाल्यावर जपून तोडण्याची बुद्धी कोणाला व्हावी?

पुढे बांबू दिसेनासा होऊ लागला. बुरुडांनी ओरड केली. तेव्हा माधव गाडगीळ यांनी हे काम अंगावर घेतले. गाडगीळ मूळचे पुण्याचे. हार्वर्डला शिकून आले आणि बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झाले. १९७० नंतरच्या त्या वर्षांत ते आणि त्यांचे सहकारी नरेंद्र प्रसाद यांनी जंगलात जाऊन बांबू प्रत्यक्ष मोजला. खात्याचा मूळ अंदाज सुमारे दसपट फुगलेला निघाला. दसपट! दुकानातल्या मालाची मोजदाद कोणी अशी केली असती, तर मेहुण्यांनी त्याच दिवशी त्याचा पगार चुकता केला असता.

दुसरी गोष्ट तर याहून बोलकी आहे. बांबू का सरला, याचे उत्तर खात्याजवळ आणि गिरणीजवळ तयार होते: गावकऱ्यांची गुरे कोंब खातात, गावकरी वणवे लावतात. प्रत्यक्षात काय दिसले? बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते. कोवळा कोंब त्या जाळ्यातून वर येतो, म्हणून गुरांचे आणि वानरांचे तोंड त्याला लागत नाही. तोडणी सोयीची व्हावी आणि बेट साफ राहावे, म्हणून हे जाळे काढून टाकण्याची शास्त्रोक्त पद्धत खात्यानेच घालून दिली होती. आधी कुंपण उपटायचे, आणि मग शेत खाल्ले म्हणून गुरांवर फिर्याद करायची, असा हा न्याय! ते काटे कशासाठी असतात हे गावकऱ्यांना पहिल्यापासून ठाऊक होते. पण त्यांना विचारतो कोण?

बांबू सरला म्हणून गिरणी थांबली नाही. तिने दूरच्या जंगलांकडे हात पसरले, निलगिरीच्या लागवडीकडे वळली. कच्चा माल गिरणीपुरता खरोखरच संपला नाही. संपला तो बुरुडाचा. तेव्हा 'न संपणारा' हा शब्द वाचला की माझा पहिला प्रश्न असा: कोणासाठी न संपणारा? आणि तो मोजला कोणी?

आता दुसरे वाक्य. तंत्र जगात सर्वांत स्वच्छ.

या वाक्याची परीक्षा जेथे साऱ्या जगाच्या डोळ्यांदेखत झाली, ते ठिकाण आपल्यापासून दूर आहे. पण तेथवर जाऊन येणे भाग आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेला टास्मानिया नावाचे बेट आहे. तेथे तामार नदीचे खोरे. काठाने द्राक्षमळे, खोऱ्याच्या वरच्या टोकाला लॉन्सेस्टन शहर, आणि खाली नदीच्या मुखाजवळ बेल बे नावाचे बंदर. त्या बंदराजवळ वर्षाला अकरा लाख टनांपर्यंत लगदा काढणारी गिरणी उभारण्याचे 'गन्स' या कंपनीने २००४ च्या सुमारास योजिले. जगातली सर्वांत हिरवी गिरणी, असा तिचा गाजावाजा होता.

अशी गिरणी चालते कशी, ते थोडक्यात सांगतो. लाकडाच्या ढलप्या कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइड यांच्या द्रावात सुमारे १७० अंश उष्णतेवर शिजवतात. लाकडातले तंतू मोकळे होतात. उरलेले जवळजवळ निम्मे लाकूड विरघळून त्याचा काळा द्राव होतो. हा द्राव जाळून गिरणी आपली वाफ आणि वीज काढते, आणि रसायनेही बरीचशी परत मिळवते. हे खरोखर हुशारीचे काम आहे. मी ते बिनतक्रार जमेच्या बाजूला लिहितो.

पण निघालेला लगदा तपकिरी असतो, आणि आपल्याला कागद लागतो शुभ्र. पूर्वी त्यासाठी क्लोरीन वायू वापरीत. त्यातून डायॉक्सिन नावाची अतिशय घातक विषे तयार होतात आणि सांडपाण्यातून बाहेर पडतात, हे १९८० नंतरच्या दशकात उघड झाले. मग क्लोरीन वायूच्या जागी क्लोरीन डायॉक्साइड आले, आणि डायॉक्सिनचे प्रमाण पुष्कळच घटले. हेही जमेला. याच्यापुढची पायरी म्हणजे क्लोरीनचे कोणतेच संयुग न वापरता ऑक्सिजन, ओझोन आणि पेरॉक्साइड यांवर काम भागवणे. बेल बेच्या गिरणीने क्लोरीन डायॉक्साइडची वाट पसंत केली होती. या वाटेला धंद्याच्या भाषेत जे नाव आहे, त्याचा अर्थ 'मूळ क्लोरीन वायूपासून मुक्त' असा होतो. जाहिरातीत त्याचे चुटकीसरशी 'क्लोरीनमुक्त' होऊन जाते. लाडवात साखर घातलेली नाही असे मधुमेही माणसाला शपथेवर सांगायचे आणि गूळ घातला आहे हे सांगायचे नाही, त्यातलाच हा प्रकार.

दुसरी युक्ती मापाची. विष दर लिटरला इतके सूक्ष्म, की यंत्रालाही सापडत नाही, असे सांगितले जाते. ते खरेही असू शकेल. पण लिटर किती? बेल बेच्या गिरणीतून रोज ६४ हजार टन सांडपाणी नळाने बास सामुद्रधुनीत सोडायचे होते. आपल्याकडे शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी हे प्रमाण धरतात. त्या हिशेबाने हे पाणी पावणेपाच लाख माणसांचे झाले. आणि त्या काळी अख्ख्या टास्मानियाची वस्ती पाच लाखांच्या आतबाहेर होती. बास सामुद्रधुनी उथळ आहे. डायॉक्सिन पाण्यात विरघळून नाहीसे होत नाही. ते गाळाला चिकटते, माशाच्या चरबीत साचते, आणि माशावाटे ताटात येते. जे साचते त्याचा हिशेब घागरीवर करायचा नसतो, वर्षांवर करायचा असतो. शिवाय 'आढळले नाही' याचा अर्थ 'नाही' असा होत नाही. अंधारात विंचू दिसला नाही म्हणून कोणी उंबऱ्यावर अनवाणी उभे राहत नाही.

हवेचेही तसेच. अशा गिरणीतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूंचा वास हवेत अब्जांशाने असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. तामारच्या खोऱ्यात हिवाळ्याच्या रात्री थंड हवा तळाशी बसते आणि वरची उबदार हवा तिच्यावर झाकणासारखी पडते. लॉन्सेस्टनच्या शेकोट्यांचा धूरसुद्धा तेथे कोंडून राहतो. अशा ठिकाणी वर्षाची सरासरी दाखवून काय उपयोग? सरासरी हवा कोणी हुंगत नाही. दम्याचे पोर त्या एका रात्रीची हवा हुंगते.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, की तुम्ही काही रसायनतज्ज्ञ नव्हे. हे प्रश्न तज्ज्ञांनी पाहायचे. अगदी मान्य. म्हणूनच आता तिसरे वाक्य: तज्ज्ञांचे शिक्कामोर्तब.

टास्मानियात हे प्रश्न पाहण्यासाठी स्वतंत्र आयोग होता. कंपनीने त्याच्यापुढे हजारो पानांचा अहवाल ठेवला. आयोग एकेक पान तपासू लागला. जानेवारी २००७ मध्ये तपासणी मंडळाचे अध्यक्ष जूलियन ग्रीन आणि त्यातले शास्त्रज्ञ वॉरिक रॅव्हर्टी या दोघांनी राजीनामे दिले. सरकारची ढवळाढवळ हे त्यामागचे एक कारण त्यांनी सांगितले. त्यांच्या जागी ख्रिस्टोफर राइट हे निवृत्त न्यायाधीश आले. आपल्यावर घाई करण्याचे दडपण आणले गेले, असे पुढे त्यांनीही उघड सांगितले. राज्याचे त्या वेळचे प्रमुख पॉल लेनन यांनी ते नाकारले. मार्चमध्ये कंपनीने आयोगापुढून आपला अर्जच काढून घेतला. यावर सरकारने काय करावे? त्याने लागलीच एका गिरणीसाठी नवा कायदा केला! तपासणीचे काम सरकारने नेमलेल्या सल्लागारांकडे गेले, आणि त्या निर्णयावर न्यायालयात दाद मागण्याची वाट त्याच कायद्याच्या एका कलमाने बंद झाली. ऑगस्टमध्ये राज्याच्या दोन्ही सभागृहांनी मंजुरी दिली. ऑक्टोबरमध्ये केंद्राचे पर्यावरणमंत्री माल्कम टर्नबुल यांनी ४८ अटी घालून होकार दिला.

याच कंपनीने त्याआधी, डिसेंबर २००४ मध्ये, आपल्या जंगलतोडीला विरोध करणाऱ्या २० व्यक्ती आणि संस्थांवर ६३ लाख डॉलरच्या भरपाईचा दावा लावला होता. पाच वर्षांहून अधिक काळ ती माणसे कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत राहिली. कंपनीला माघार घ्यावी लागली ती २०१० साली.

आता मला सांगा, विद्यार्थ्याने परीक्षक बदलून घ्यावा, नापसंत प्रश्नपत्रिका परत करावी, आणि निकालावर कोणी तक्रार करू नये असा नियम करवून घ्यावा. आणि मग पहिल्या वर्गाचे प्रशस्तिपत्रक भिंतीवर लावावे! त्या प्रशस्तिपत्रकाला आपण मान द्यायचा तो किती? गिरणी चांगलीही असेल. पण ती चांगली आहे हे कळण्याचा मार्गच ज्यांनी बुजवला, त्यांना 'आमच्यावर विश्वास ठेवा' असे म्हणण्याचा अधिकार उरत नाही.

शेवट काय झाला, तेही मेहुण्यांसाठी मुद्दाम लिहितो. २००८ साली एका मोठ्या बँकेने या कामाला पैसा पुरवण्यातून अंग काढून घेतले. २०१० साली कंपनीने नैसर्गिक जंगलातली तोड सोडत असल्याचे जाहीर केले. २०११ मध्ये गिरणी फक्त लागवडीच्या लाकडावर चालेल आणि क्लोरीनचा वापर आणखी कमी होईल, असे ठरले. म्हणजे चार वर्षांपूर्वी जो बेत जगात सर्वोत्तम म्हणून गाजत होता, त्यात सुधारणेला चांगलीच जागा होती! ती जागा दाखवली कोणी? ज्यांना विकासाचे शत्रू म्हटले गेले, त्यांनी. सप्टेंबर २०१२ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली आणि भागधारकांचे पैसे बुडाले. २०१७ साली परवान्यांची मुदतही संपली. बेल बेला गिरणी उभी राहिलीच नाही.

येथेच थांबलो, तर मीही नुसती खर्चाची बाजू लिहिणारा गुमास्ता ठरेन. म्हणून उलट बाजूचा एक दाखला देतो. दक्षिण अमेरिकेत उरुग्वाय नदीच्या एका तीरावर उरुग्वाय आणि दुसऱ्या तीरावर अर्जेंटिना. उरुग्वायच्या तीरावर फ्राय बेंतोस येथे बोतनिया या फिनलंडच्या कंपनीने वर्षाला दहा लाख टन लगदा काढणारी गिरणी बांधली. २००७ च्या नोव्हेंबरात ती सुरू झाली. पलीकडच्या तीरावरील लोकांनी तीन वर्षांहून अधिक काळ दोन्ही देशांमधला पूल अडवून धरला. अर्जेंटिना हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. २० एप्रिल २०१० रोजी निकाल लागला: शेजाऱ्याला विधिपूर्वक आधी न कळवून उरुग्वायने कराराचा भंग केला, मात्र गिरणीने नदी दूषित केली, हे सिद्ध झालेले नाही.

लोकांची भीती पुराव्याला पुरी उतरली नाही, हे मी डोळे मिटून वाचत नाही. पण हा निकाल लागला कशामुळे? दोन्ही पक्षांचे आकडे उघड मांडले गेले, एकमेकांचे आकडे एकमेकांनी उलटेपालटे केले, आणि तिसऱ्याने तराजू धरला. पुढे दोन्ही देशांनी मिळून त्या नदीवर देखरेख ठेवायचे ठरवले. खऱ्या तपासणीने गिरणीचे भले होते ते असे. जी गिरणी खरोखर स्वच्छ आहे, तिला उघड हिशेबाचे भय कशाला वाटावे?

रोजगाराचे काय, असे विचारले जाईल. रोजगार ही मोठीच गोष्ट आहे. पण तोही दोन्ही बाजूंना लिहायचा. गिरणीत किती हात लागतील हे पुस्तिका सांगते. बुरुडाचे, मच्छीमाराचे आणि मळेवाल्याचे किती हात रिकामे होतील, हे कोण सांगणार?

तेव्हा मी मेहुण्यांना पाच प्रश्न लिहून दिले. लाकूड किती आहे हे कोणी मोजले, आणि दुसऱ्या कोणाला ते मोजू द्याल काय? घाण दर लिटरला किती हे सांगता, तर दिवसाला आणि वर्षाला मिळून किती? सरासरीचा दिवस सोडा. सर्वांत वाईट रात्री काय होईल? तपासणाऱ्याला पैसे कोण देतो, आणि त्याला कामावरून दूर कोण करू शकतो? आणि आकडा चुकला, तर भरपाई कोणाच्या खिशातून? या पाचांत रसायनशास्त्र कोठेच नाही. घरखर्चाची वही लिहिणारी कोणतीही गृहिणी हे प्रश्न विचारील.

मेहुणे सचोटीचे व्यापारी. त्यांनी ते प्रश्न कंपनीला जसेच्या तसे पाठवले. पंधरा दिवसांनी उत्तर आले: आणखी एक पुस्तिका. मजकूर तोच, कागद मात्र पहिल्याहून अधिक गुळगुळीत. मेहुण्यांनी सवयीप्रमाणे पान चिमटीत धरून पाहिले आणि म्हणाले, "भाऊजी, कागद उत्तम आहे. पण हा लिहायच्या कामाचा नाही; याच्यावर शाई ठरत नाही."

त्यांनी पैसे गुंतवले की नाही, ते मी विचारले नाही. भाऊबिजेच्या पाहुण्याला विचारायची ती गोष्ट नव्हे. पण यंदा आपापल्या घरी नव्या वहीवर कुंकू वाहताना वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ती वही आणि हा अंक ज्या लगद्याचे झाले, त्याचाही कोठेतरी जमाखर्च आहे. तो मागण्याचा अधिकार कागद वापरणाऱ्याला नाही, असे कोणी म्हणत असेल, तर मी म्हणतो की तो अधिकार सर्वांच्या आधी त्यालाच आहे. कारण गिरणी चालते ती त्याच्याच नावावर.